यार्डातला थकवा : एक प्रस्तावना

पुण्यात थकव्याचा अभ्यास करायचा तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डाइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. भुसार बाजार एकेकाळी नाना आणि भवानी पेठेत होता, भाजी-फळांचा घाऊक व्यापार मंडईत होता. शहर वाढले, पेठांत ट्रक शिरेनात, तेव्हा हा सगळा पसारा गुलटेकडीला आला. इथला दिवस रात्री सुरू होतो. अंधार पडला की जिल्ह्यातून आणि परराज्यांतून गाड्या लागू लागतात, पहाटे गाळ्यांवर व्यवहार रंगतात, आणि शहर पहिला चहा घेत असते तोवर किरकोळ विक्रेत्यांचे टेम्पो भरून निघूनही गेलेले असतात. आडते, दिवाणजी, तोलणार, हमाल, टेम्पोवाले, गाळ्यांपुढचा पाला झाडून काढणाऱ्या बाया अशी कितीतरी माणसे सूर्याच्या उलट दिशेने जगतात. त्यांना विचारले, ‘कसे आहात?’ तर उत्तर ठरलेले असते : ‘चाललंय. अंग मोडून येतं जरा.’

या ‘जरा’कडे नीट पाहावे, एवढीच या प्रस्तावनेची विनंती आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत थकव्याला मानाचे पान क्वचितच मिळते. तो रोग नव्हे, लक्षण. तेही असे, की शंभर आजारांच्या दारात उभे असलेले. म्हणून डॉक्टर त्याला घाईने उरकतात आणि रुग्ण त्याला नाव शोधत फिरतो. सध्या त्याला एक आकर्षक नाव मिळाले आहे : अ‍ॅड्रिनल फटीग. गाळ्यावर बसणाऱ्या तरुण पिढीच्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ येतात. ताणामुळे तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमल्या आहेत, त्यांना विश्रांती द्या, अमुक चूर्ण घ्या, तमुक कॅप्सूल घ्या, असे त्यांत सांगितलेले असते. ऐकणाऱ्याला ते पटते, कारण थकवा तर खराच असतो. नव्या वाचकाने या विषयात पाऊल टाकताना दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घ्याव्यात : थकवा खरा आहे आणि हे निदान टिकणारे नाही. यातली एकच बाजू धरणाऱ्यांकडून दमलेल्या माणसाचे नुकसान होते.

आधी थोडा इतिहास पाहू. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींचे वजन प्रत्येकी चार-पाच ग्रॅम. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली त्या निकामी झाल्यावर काय होते याचे वर्णन केले. आज त्या आजाराला त्यांचेच नाव आहे. १९३६ साली हान्स सेली यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटेखानी टिपण छापले. कोणताही मोठा आघात झाला की शरीर आधी हादरते, मग तग धरते आणि शेवटी खचते, अशी त्यांची मांडणी. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतील जेम्स विल्सन यांनी १९९८ साली रूढ केला आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तकही काढले. त्यातली कल्पना सेलींच्या तिसऱ्या पायरीवर बेतल्यासारखी वाटते. गंमत अशी की सेलींच्या प्रयोगांतल्या उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ताणाने सुकल्या नव्हत्या, उलट सुजून मोठ्या झाल्या होत्या! पुढे २०१६ साली ब्राझीलच्या कादेजियानी आणि कातेर या संशोधकांनी ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा नाही, असे स्वच्छ लिहिले. हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनांचेही मत तेच आहे.

मग यार्डातला माणूस दमतो कशाने? इथे घड्याळ समजून घ्यावे लागते, आणि माझ्या मते या विषयाचे खरे प्रवेशद्वार तेच आहे. अ‍ॅड्रिनलमधून पाझरणारे कॉर्टिसॉल दिवसा जगणाऱ्या माणसात जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. या चढउतारावर मेंदूतल्या घड्याळाची हुकमत चालते आणि ते घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लागते. पेशींमधल्या अशा घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. आता भाजी विभागातला एखादा तोलणार घ्या. रात्री काट्यापाशी उभा, सकाळी नऊ-दहाला घरी, उन्हातून दुचाकीवर, पत्र्याच्या खोलीत दुपारपर्यंत मोडकीतोडकी झोप. मुलांची शाळा, पाण्याची वेळ, शेजारचा मिक्सर, सगळे त्याच झोपेवर. शनिवारी भाजीबाजार बंद. त्या दिवशी तो घरच्यांच्या घड्याळाने जगतो, रात्री झोपतो, लग्नाला जातो. आणि रविवारी आवक मोठी, म्हणजे पुन्हा उलटे. त्याचे शरीर दर आठवड्याला मुंबईहून लांबचा विमानप्रवास करून आल्यासारखे भांबावलेले असते, फक्त विमान नसते.

अशा माणसाच्या लाळेत किंवा रक्तात ‘सकाळी आठचे’ कॉर्टिसॉल मोजले तर काय कळणार? कोष्टकातला सामान्य आकडा रात्री झोपून सकाळी उठणाऱ्यांचा आहे. याची सकाळी आठची वेळ म्हणजे संध्याकाळ. कधी तीही धड नाही, कारण त्याचे घड्याळ पूर्णपणे रात्रीकडे वळलेलेच नसते. मग रिपोर्टवर आकडा कमी दिसतो आणि ‘ग्रंथी दमली’ असा निष्कर्ष निघतो. कोणताही कॉर्टिसॉल रिपोर्ट हाती आला की वाचकांनी पहिला प्रश्न विचारावा : हा माणूस झोपतो कधी, उठतो कधी? रिपोर्टवर ही माहिती छापलेली नसते, ती तुम्हालाच विचारून काढावी लागते. खरोखर शंका असेल तर तज्ज्ञ एसीटीएच हे ग्रंथीला चालना देणारे हार्मोन देऊन ती प्रतिसाद देते का ते पाहतात. लाळेच्या चार नळ्यांचे महागडे पॅकेज त्याची जागा घेऊ शकत नाही.

या दमल्या माणसाच्या रक्तात सापडणाऱ्या साध्या गोष्टींकडे पाहताना पुणेकर वाचकाला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघाले, आणि मध्यमवर्गीयांत हे प्रमाण त्याहूनही जास्त होते. बी-१२ कमी असेल तर थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, विसरायला होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी खालावू शकते. शिवाय रक्तक्षय आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. पाला झाडणाऱ्या बाईला धाप लागते तेव्हा तिच्या ग्रंथींची चौकशी करण्याआधी हिमोग्लोबिन पाहावे. थायरॉइड, साखर, क्षयरोग, घोरणाऱ्या माणसाची अडणारी झोप, आणि मनाची उदासी हीही याच रांगेतली. उदासीचा उल्लेख आपण सर्वांत शेवटी करतो. यार्डात तर करतच नाही.

मात्र, एका बाबतीत यार्डात अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर मंदावलेली सापडू शकते, आणि हे प्रकरण मी वाचकांनी सावकाश वाचावे असे म्हणेन. पाठ धरली, गुडघा आखडला की कामगार कुणाकडून तरी गोळ्या घेतो. वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, तीत तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्या, नाव कशावरच नाही. ‘एक सकाळी, एक रात्री, काम चालू ठेवा.’ आराम तासाभरात पडतो, भूकही खवळते, चेहरा भरल्यासारखा होतो, आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. अशा पुड्यांत अनेकदा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड असते. बाहेरून मिळते म्हटल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे थांबवते. काही आठवडे हे चालले आणि मग एक दिवस पुडी संपली, किंवा माणूस गावी गेला, की आतली ग्रंथी लगेच उठत नाही. मळमळ, चक्कर, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब खाली. पुढे ताप किंवा उलट्या झाल्या तर जिवावर बेतते.

म्हणजे ‘थकलेल्या’ ग्रंथीच्या या कथेतली खरी दमलेली ग्रंथी औषधानेच दमवलेली असते. बाजारातली ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ची कॅप्सूलही निर्धोक नाही. अमेरिकेत २०१८ साली अशा बारा उत्पादनांची तपासणी झाली; सगळ्यांत थायरॉइड हार्मोनचा अंश सापडला आणि बहुतेकांत एखादे स्टिरॉइडही. अशी कॅप्सूल किंवा पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती आपल्या मनाने झटक्यात बंद करू नका. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात, आणि ग्रंथी पूर्ववत व्हायला कधी कधी महिने लागतात. या बाबतीत धीर धरणे हाच उपचाराचा भाग आहे.

अ‍ॅडिसनचा आजार दुर्मिळ आहे, पण आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे जुने कारण, म्हणून त्याची ओळख असलेली बरी. वजन घटते, खारट खावेसे वाटते, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हाताच्या रेषा, हिरड्या, जुने वण काळवंडतात. सावळ्या कातडीवर आणि पोत्यांनी घट्टे पडलेल्या तळहातावर हे ओळखणे सोपे नाही, हिरड्या पाहाव्यात. अशा रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन जन्मभर घ्यावे लागते आणि तापात त्याचा डोस वाढवावा लागतो. त्याला ‘स्टिरॉइड वाईट, चूर्ण घे’ असा सल्ला देणारा हितचिंतक भेटला तर तो सल्ला जिवावर उठू शकतो.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. ‘ग्रंथीला आधार’ म्हणून ज्येष्ठमध रोज उकळून पिण्याची चाल आहे. घशासाठी चिमूटभर घेतले तर हरकत नाही, पण दीर्घकाळ आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरते. सकाळी पाण्यात मीठ टाकून घेण्याचा सल्लाही याच संप्रदायातला. लोणचे-पापडाने आधीच खारावलेल्या पानात त्याची भर नको. जेवणावर लगेच चहा प्यायल्याने लोह नीट शोषले जात नाही आणि पाळी संपताना घेतलेला कप घरी गेल्यावरच्या झोपेत आडवा येतो. यार्डातल्या चहाबद्दल मला स्वतःला वाईट बोलवत नाही, पण शेवटचा कप पहाटे चारच्या आधी घेतलेला बरा. दुसरे टोक म्हणजे महिनाभर अंथरुणावर पडणे, किंवा तब्येत कमवायची म्हणून सुट्टीच्या दिवशी थेट सिंहगड गाठणे. दोन्ही चुकाच. झोपेच्या खोलीला जाड पडदा, घरी परतताना डोळ्यांना गॉगल, पाळीआधी वीसेक मिनिटांची डुलकी, आणि शनिवारीही झोपेची वेळ शक्य तितकी तीच ठेवणे, याला पैसे फारसे लागत नाहीत. घरच्यांचे सहकार्य मात्र लागते आणि तेच अवघड असते.

आणि थकवा केवळ शरीराचा प्रश्न नाही, हे या यार्डाने फार आधी ओळखले. डॉ. बाबा आढाव स्वतः वैद्यकीय व्यवसायातले. त्यांनी पुण्यातल्या हमालांची हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा ही मागणी याच चळवळीने लावून धरली. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा आला, त्यातून अंगमेहनतीच्या कामाला नोंदणी आणि कल्याणमंडळ मिळाले. १९७४ साली पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण. हार्मोनवरच्या पुस्तकांच्या फडताळात या गोष्टी सापडत नाहीत, पण माणसाच्या पाठीवर किती ओझे पडते आणि पोटात काय जाते, हे ठरवणारे त्याच्या थकव्याबद्दलही बरेच काही ठरवत असतात. वाचकांनी दोन्ही फडताळे चाळावीत. मी तर दुसऱ्यापासून सुरुवात करा असे म्हणेन.

या विषयात शिरायचे असेल तर अवघड पुस्तकाने सुरुवात करू नका. आठ दिवस एक वही ठेवा : झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, चहा किती, जेवण कधी. स्वतःसाठी नसेल तर घरातल्या रात्रपाळीच्या माणसासाठी ठेवा. मग ती वही, घरात असलेली प्रत्येक गोळी, पुडी आणि चूर्णाची बाटली एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर सगळे मांडा. पुडीतल्या गोळीला नाव नसेल तरी ती न्याच. तपासणाऱ्याला तिचीच सर्वांत जास्त गरज असते.