लिबव्हर्ट

लिबव्हर्ट ही आभासी यंत्रांच्या व्यवस्थापनासाठी वापरली जाणारी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. एकाच प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालणाऱ्या स्वतंत्र संगणकास आभासी यंत्र म्हणतात, तर अशी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. प्रत्येक हायपरव्हायजरच्या आज्ञा निराळ्या असतात. लिबव्हर्ट या सर्वांसाठी एकच समान आणि स्थिर आज्ञासंच पुरवते.

इतिहास

रेड हॅट या कंपनीतील दानियल व्हेयार यांनी हा प्रकल्प सुरू केला. पहिली आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आरंभी ती केवळ झेन या हायपरव्हायजरसाठी होती. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले आणि लिबव्हर्टने त्यालाही आधार दिला. या धोरणाचे महत्त्व लवकरच दिसून आले. २०१० च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये यजमान संगणकासाठी झेनऐवजी केव्हीएम स्वीकारले गेले, तरी लिबव्हर्टवर आधारलेली व्हर्श, व्हर्ट-मॅनेजर ही साधने पूर्वीप्रमाणेच वापरता आली.

रचना

लिबव्हर्ट मुख्यतः सी भाषेत लिहिलेली असून पायथन, गो, पर्ल, रुबी इत्यादी भाषांतूनही ती वापरता येते. तिचा परवाना एलजीपीएल असल्यामुळे खाजगी मालकीच्या सॉफ्टवेअरलाही तिचा उपयोग करता येतो. प्रत्येक हायपरव्हायजरसाठी तीत स्वतंत्र ड्रायव्हर असतो. केव्हीएम व झेनखेरीज व्हीएमवेअर ईएसएक्स, हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स आणि एलएक्ससी कंटेनर यांनाही आधार आहे. लिबव्हर्टच्या परिभाषेत प्रत्यक्ष संगणकास ‘नोड’ आणि आभासी यंत्रास ‘डोमेन’ म्हणतात. डोमेनची स्मृती, प्रोसेसर, डिस्क व नेटवर्क यांचे वर्णन एक्सएमएल स्वरूपात लिहिले जाते.

वापर

व्हर्श हे आज्ञा टंकून वापरायचे साधन आहे. त्यातील ‘डिस्ट्रॉय’ या आज्ञेच्या नावामुळे नवशिक्यांचा गैरसमज होतो. ही आज्ञा यंत्र नष्ट करीत नाही. वीज अचानक तोडावी तसे ते बंद करते. त्यामुळे न साठवलेली माहिती मात्र गमावली जाऊ शकते. ‘अनडिफाइन’ ही आज्ञा यंत्राची नोंद काढून टाकते. वेगळी सूचना दिल्याविना डिस्कवरील माहिती तशीच राहते. चालू यंत्र एका नोडवरून दुसऱ्या नोडवर हलवण्याची सोयही आहे. ओपनस्टॅक, ओव्हर्ट आणि ग्नोम बॉक्सेस हे प्रकल्प लिबव्हर्टचा वापर करतात.

सुरक्षा व मर्यादा

एका आभासी यंत्रातून हल्लेखोर बाहेर पडल्यास शेजारची यंत्रेही धोक्यात येतात. एसव्हर्ट ही सुविधा एसईलिनक्सच्या साहाय्याने प्रत्येक यंत्रास वेगळी खूण देऊन हा धोका मर्यादित करते. मात्र लिबव्हर्टच्या यंत्रणा-स्तरीय सेवेवर पूर्ण अधिकार असलेली व्यक्ती व्यवहारतः यजमान संगणकाच्या प्रशासकाइतकीच समर्थ असते. म्हणून हा अधिकार विचारपूर्वक द्यावा लागतो. समान आज्ञासंचामुळे एखाद्या हायपरव्हायजरचे खास गुणविशेष कधीकधी उपलब्ध होत नाहीत. क्यूईएमयूकडे थेट आज्ञा पाठवण्याची वाट ठेवलेली आहे, परंतु तिच्या स्थैर्याची हमी प्रकल्प देत नाही.