आकेर नदीचे दोन काठ आणि वऱ्हाडी बोली

नदीकाठच्या शहरांचा इतिहास लिहिताना आपण घाट, पूल, बाजारपेठा, पूर आणि लढाया यांचा विचार करतो. नदीच्या दोन काठांवरची माणसे वेगळी बोलतात काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नॉर्वेची राजधानी ओस्लो हे असे शहर आहे की, जेथे हा प्रश्न टाळून इतिहास पूर्णच होत नाही. शिवाय या शहराचा आपल्या वऱ्हाडी बोलीशी एक जुना, जवळजवळ विसरला गेलेला संबंध आहे. त्या संबंधाची उजळणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे शहर सर्वस्वी अपरिचित नाही. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाच्या नव्या पर्वाची ती नांदी ठरली, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. त्या नाटकाचे मूळ ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराचे होते. इब्सेनची नोरा अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून मराठीत आली. हे दोन्ही नाटककार ओस्लोच्या राष्ट्रीय नाट्यगृहासमोर पुतळ्यांच्या रूपाने उभे आहेत. नाट्यगृह उघडले १८९९ मध्ये. तेव्हा दोघेही हयात होते. इब्सेनने आपली अखेरची वर्षे याच शहरात काढली आणि १९०६ मध्ये तो येथेच वारला. शहराचे तेव्हाचे नाव क्रिस्तियानिया. ‘ओस्लो’ हे प्राचीन नाव शहराला पुन्हा मिळाले ते १ जानेवारी १९२५ रोजी.

या नामांतरामागेही नदीच आहे. मध्ययुगीन ओस्लो आकेर नदीच्या पूर्वेला वसले होते. १६२४ च्या आगीत ते जळाले, तेव्हा राजा चौथा क्रिस्तियान याने नवे नगर नदीच्या पश्चिमेला, आकेर्सहूस किल्ल्याच्या आश्रयाने वसवले आणि त्याला आपले नाव दिले. पूर्वेचा जुना भाग गावकुसाबाहेरच्या वस्तीसारखा मागे राहिला. नदीने एकाच शहराचे दोन भाग केले, त्याची सुरुवात अशी झाली.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात या शहरात काही दिवस राहण्याचा योग आला. त्या दिवसांत आपल्याकडे पळस फुललेला असतो, गहू-हरभऱ्याची काढणी सुरू असते. तेथे मात्र हिवाळा जाऊ की नको अशा अवस्थेत रेंगाळत असतो. रस्त्याच्या कडेला साचलेले बर्फ मळून करडे झालेले. निसरड्या पायवाटांवर बारीक खडी पसरलेली. दुपारी वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठलेले. आकेर नदी लांबीने जेमतेम आठ-नऊ किलोमीटरची. उत्तरेच्या मारिदाल तलावातून निघून ती शहरामधून उतरत समुद्राच्या खाडीला मिळते. एवढ्याशा अंतरात तिला अनेक धबधबे आहेत. काठावरचे पाणी थिजलेले आणि मधली धार गर्जत वाहणारी, असे तिचे रूप त्या दिवसांत दिसते.

या धबधब्यांनीच शहराचा इतिहास घडवला. आधी लाकूड कापण्याच्या गिरण्या आणि १८४० नंतर सूत व कापड यांचे कारखाने नदीच्या काठाने उभे राहिले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मजुरांच्या वस्त्या पूर्वेकडे वाढल्या. अधिकारी, प्राध्यापक, व्यापारी पश्चिमेकडे राहिले. कारखान्यांच्या लाल विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत. आता त्यांत कचेऱ्या आणि शिक्षणसंस्था नांदतात. एका पुलावर कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचे शिल्प आहे.

पूर्व आणि पश्चिम काठांच्या बोलण्यातही फरक पडला. पश्चिमेकडील सुशिक्षितांची भाषा डॅनिश लेखनाच्या वळणाची. पूर्वेकडील मजुरांची बोली भोवतालच्या ग्रामीण बोलींना धरून असलेली. नामांचे व क्रियापदांचे शेवट काय होतात, एवढ्यावरून माणूस कोणत्या काठाचा हे ओळखता येई. आकेरकाठच्या कामगारवस्तीत वाढलेला ओस्कार ब्रोतेन (१८८१–१९३९) याने आपल्या कथा-नाटकांत कामगारांच्या तोंडी त्यांचीच बोली घातली. ज्या बोलीला शिष्ट समाजात हसत, तिला त्याने रंगमंचावर आणले.

ब्रोतेनच्या मागे एक दीर्घ वाद उभा होता. नॉर्वे सुमारे चार शतके डेन्मार्कच्या अमलाखाली राहिला आणि त्या काळात लेखनाची भाषा डॅनिश झाली. १८१४ मध्ये डेन्मार्कशी असलेले बंधन तुटले; पण आपली लेखनभाषा कोणती, हा प्रश्न उभा राहिला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला ईवार ओसेन हा स्वयंशिक्षित भाषाभ्यासक १८४२ पासून काही वर्षे पायी गावोगाव फिरला, लोकांच्या बोली टिपून घेतल्या, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश सिद्ध केला. या बोलींच्या पायावर त्याने एक नवी लेखनभाषा उभारली. १८७८ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव केला की, शाळेतील तोंडी शिक्षण शक्य तितके मुलांच्या स्वतःच्या बोलीत व्हावे. १८८५ मध्ये ओसेनच्या भाषेला डॅनिश वळणाच्या भाषेबरोबरीचा दर्जा मिळाला. आजही तेथे दोन लेखनभाषा आहेत. ओसेनच्या परंपरेतील ‘नीनोर्स्क’ लिहिणारे संख्येने थोडे आहेत. परंतु बोलताना बहुतेक माणसे आपापल्या गावाची बोली सोडत नाहीत. संसदेत, आकाशवाणीवर, विद्यापीठाच्या व्याख्यानातही बोली ऐकू येते आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही.

अशा वातावरणात वाढलेल्या पिढीतील एक विद्वान म्हणजे स्टेन कोनो (१८६७–१९४८). क्रिस्तियानिया विद्यापीठातील हे संस्कृत-प्राकृताचे अभ्यासक. १९०१ मध्ये त्यांनी राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि ती हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाली. विदर्भातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ‘कर्पूरमंजरी’त दक्षिणापथातील ज्या ‘वच्छोम’ नगराचा उल्लेख येतो, ते वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. राजशेखरानेच ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावला आहे. हिवरा आश्रमाहून वाशीम काही फार दूर नाही. या मुलखाचे नाव कोनो यांच्या नजरेखालून प्रथम प्राकृताच्या हस्तलिखितांत गेले असावे.

पुढे हा संबंध अधिक थेट झाला. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत भारतीय भाषांच्या पद्धतशीर पाहणीचा ठराव झाला होता. त्यातून जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या संपादनाखाली ‘भारतीय भाषांचे सर्वेक्षण’ हा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. १७९ भाषा आणि ५४४ बोली यांची नोंद करणारे त्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. कोनो या कामात ग्रिअर्सन यांचे सहायक झाले. सर्वेक्षणाचा सातवा खंड संपूर्णपणे मराठी आणि तिच्या बोलींना वाहिलेला आहे; तो कोनो यांनी सिद्ध केला आणि १९०५ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. त्याच वर्षी ७ जूनला नॉर्वेने स्वीडनशी असलेला संयोग मोडून आपले पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले. कोनो सरकारी पुरालेखवेत्ते म्हणून भारतात आले ते १९०६ मध्ये. तोवर मराठी खंड छापून झाला होता.

सर्वेक्षणाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायचा. दुसरा नमुना स्थानिक कथेचा, गाण्याचा किंवा जबानीचा. आणि तिसरी, ठरलेल्या शब्दांची व वाक्यांची यादी. ही सामग्री जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाली. तिच्या तळाशी गावचे शिक्षक, कारकून आणि ज्यांची नावे कोठे राहिली नाहीत असे बोलणारे लोक आहेत. कोनो यांनी देशावरील मराठी, कोकणातील मराठी, वऱ्हाड-मध्यप्रांतातील मराठी आणि कोकणी असे गट मांडले आणि कोकणी वगळता या बोलींतील अंतर फार मोठे नाही, असे मत दिले. त्या मांडणीत वऱ्हाडी ही पुण्याच्या मराठीची बिघडलेली आवृत्ती ठरत नाही. इतर बोलींच्या रांगेत, स्वतःच्या नियमांसह बसणारी बोली ठरते.

हे काम निर्दोष होते असे मुळीच नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सर्वेक्षण झाले नाही. पैनगंगेच्या अलीकडची वऱ्हाडी नोंदली गेली आणि पलीकडची, मराठवाड्याची मराठी प्रत्यक्ष पाहणीतून सुटली. मेहकर-लोणारकडच्या माणसाला हे विशेष जाणवते. कारण घाटावरची आमची बोली दोन्ही मुलखांत पाय ठेवून आहे. कोकणीला मराठीची बोली मानण्याचे कोनो यांचे मतही पुढे टिकले नाही. १९९२ मध्ये ती स्वतंत्र भाषा म्हणून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद परिसरात निहाली भाषा बोलली जाते. १९०६ च्या चौथ्या खंडात कोनो यांनी तिला कोरकूच्या सोबतीला, मुंडा कुळात बसवले. नंतर कायपर यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तिचा स्वतंत्र अभ्यास केला, आणि आज ती कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा मानली जाते. तिचे बोलणारे अंदाजे दोन-अडीच हजार उरले आहेत.

नॉर्वेचेही गुणगान जपून करावे लागते. ज्या राष्ट्राने १८७८ मध्ये नॉर्वेजियन मुलांच्या बोलींना शाळेत मान दिला, त्याच राष्ट्राने उत्तरेकडील सामी आणि क्वेन मुलांच्या भाषा शाळेतून हद्दपार केल्या. १८९८ च्या शासकीय सूचनांनी त्या भाषांचा वापर अगदी अटळ असेल तेवढ्यापुरता उरवला. या धोरणाबद्दल नॉर्वेच्या संसदेने क्षमा मागितली ती १२ नोव्हेंबर २०२४ रोजी. आपल्या भाषेतील बोलींना मोठेपणा देणे आणि शेजारच्या परक्या भाषेला जागा देणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिल्या कसोटीत उत्तीर्ण झालेला समाज दुसरीत नापास होऊ शकतो. वऱ्हाडीचा अभिमान बाळगताना निहाली आणि कोरकू यांचा विसर पडू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

आणि पहिल्या कसोटीचे आपले काय? पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एखादी मुलगी उत्तर देताना ‘मले’, ‘तुले’ म्हणते आणि मागच्या बाकावरून हसू येते. ती पुन्हा बोलत नाही. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’ होते, तेव्हा तो उच्चारदोष समजला जातो. वस्तुतः ‘ळ’च्या जागी ‘य’ हा त्या बोलीचा नियमित ध्वनिबदल आहे. ‘म्या सांगतलं’ यातील ‘म्या’ तर अशुद्ध म्हणून खोडले जाते. ज्ञानेश्वरीत हेच रूप ‘म्यां’ असे आले की, आम्ही शिक्षक त्याला प्राचीन मराठीचे वैभव म्हणतो. मेहकर आणि लोणार ही गावे लीळाचरित्रात येतात. मराठीतील आद्य गद्य ज्या भूमीत घडले, तिच्या लेकरांनी आपल्या तोंडच्या भाषेची लाज बाळगावी, यासारखी विसंगती नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या प्राचीनतेच्या आधारावर तो मिळाला, तिचे जिवंत अवशेष बोलींत आहेत.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे येथे म्हणायचे नाही. परीक्षा, पत्रव्यवहार, न्यायालय, ग्रंथलेखन यांसाठी तिची गरज आहे आणि ती आमच्या विद्यार्थ्यांना उत्तम यायला हवी. ओस्लोतही लेखनाचे नियम आहेत आणि ते कसोशीने पाळले जातात. प्रश्न एवढाच की, ती शिकवण्यासाठी घरची भाषा चुकीची ठरवावी लागते काय. नॉर्वेच्या अनुभवाने या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर दिलेले आहे.

याबाबतीत करण्याजोगे काम आपल्या आवाक्यात आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला. डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित करून महाजालावर ठेवले आहेत. एम. ए. च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजीचे किंवा शेजारच्या म्हाताऱ्याचे अर्ध्या तासाचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, ते जसेच्या तसे उतरवून काढावे आणि १९०५ च्या खंडातील वऱ्हाडी नमुन्यांशी ताडून पाहावे. एकशे वीस वर्षांत काय टिकले, काय गेले, घाटावर काय राहिले आणि घाटाखाली काय बदलले, हे त्यातून कळेल. असा स्वाध्याय करणारी मुलगी वर्गात ‘मले’ म्हणेल तेव्हा तिला त्या ‘ले’चा इतिहास ठाऊक असेल, आणि मागच्या बाकावर हसणाऱ्याला तो समजावून सांगण्याचे काम शिक्षकाऐवजी तीच करील.