खापरांतील संसार

राजांचा इतिहास शिलालेखांत व ताम्रपटांत सांपडतो. परंतु ज्या काळीं लेखनच नव्हतें, त्या काळच्या साध्या गृहस्थाचा इतिहास कोठें शोधावयाचा? त्याचें उत्तर खापरांत आहे.

प्राचीन ग्रीकांचीं चित्रित मृत्पात्रें जगप्रसिद्ध आहेत. तथापि तीं केवळ शोभेचीं नव्हतीं. तीन कानांच्या हायड्रियांतून पाणी आणीत, क्रेटरमध्यें द्राक्षासवांत पाणी मिसळीत आणि लेकिथॉस नांवाच्या निमुळत्या कुपींत तेल ठेवीत. हीच तेलाची कुपी मृताच्या सोबतीसही देत.

महाराष्ट्रांतील चित्रित भांडीं तर अथेन्सच्या वैभवकाळाहून कित्येक शतकें जुनीं आहेत. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें १९५०-५१ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं उत्खनन केलें, आणि त्या गांवाच्या नांवानेंच हीं भांडीं ओळखलीं जाऊं लागलीं. त्यांचा काळ सुमारें इ. स. पूर्व १४०० ते ७०० असा मानतात. चाकावर घडविलेलीं, पातळ, लाल रंगाचीं व त्यांवर काळ्या रेघांची चौकटीदार नक्षी असलेलीं हीं भांडीं इतकीं पक्कीं भाजलेलीं आहेत कीं, टिचकी मारतांच धातूसारखीं खणखणतात. लांब तोटीचें पात्र आणि कंगोऱ्याचा वाडगा हे त्यांतील ठळक प्रकार होत.

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं असलेल्या इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत ह्या लोकांचा संसारच उघडा झाला. सातू पिकविणाऱ्या त्या शेतकऱ्यांचीं घरें, चुली व कुंभाराची भट्टीही तेथें मिळाली. घराच्या जमिनीखालीं मात्र वेगळेंच दृश्य दिसलें. दोन ओबडधोबड रांजण तोंडास तोंड लावून आडवे पुरलेले, आणि त्यांत लहान मुलाचा देह! जवळच तोटीचें पात्र व वाडगा. दगावलेल्या लेकरास त्या आईबापांनीं गांवाबाहेर नेलें नाहीं; आपल्याच छपराखालीं ठेविलें, आणि रोजच्या वापरांतील भांडीं त्यास सोबत दिलीं.

शब्दावांचून उरलेली ही माया तीन हजार वर्षें टिकली. परंतु जुन्या पांढरीची माती शेतांत किंवा भिंतींसाठीं वाहून नेली, कीं अशा खुणा कायमच्या नाहींशा होतात. रंगीत खापर हातीं आलें, तर तें फेंकून देण्यापूर्वीं त्यावरील रेघ क्षणभर न्याहाळावी. पूर्वजांनीं मागें ठेविलेली ती एकमेव अक्षरें आहेत.