२७ गावं कधी आत, कधी बाहेर

२००१ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९३ हजार. २०११ ला सुमारे १२ लाख ४७ हजार. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम साडेचार टक्के वाढ! त्या काळात सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून एकदा जरी लोकल पकडली असेल, तर हा आकडा वाचून हसू येईल. पण आकडा खोटा नाही. मधल्या काळात हद्द बदलली होती.

१९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा आसपासची २७ गावं तिच्यात घातली. गावांना ते पटलं नाही. कर शहराचा आणि सोयी गावच्याच, ही त्यांची तक्रार. बरीच वर्षं संघर्ष चालला आणि जुलै २००२ मध्ये ती वगळली. १ जून २०१५ पासून पुन्हा आत. जून २०२० मध्ये त्यातली १८ परत बाहेर काढायची अधिसूचना निघाली, आणि त्याच डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. महापालिकेशी कायद्याने बंधनकारक असलेली सल्लामसलत नीट झाली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा. थोडक्यात, २००१ ला गावं धरून मोजणी झाली आणि २०११ ला वगळून.

यातल्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलंय. मला जास्त काळजी दप्तराची वाटते. 'गाव महापालिकेत गेलं' असं आपण एका दमात म्हणतो. कागदावर मात्र १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे आधी मसुदा, मग हरकती-सूचना, मग राजपत्रात अंतिम अधिसूचना आणि तिच्यात गावांची नावं. ही नावं किती नेमकी लागतात पाहा. या भागात दोन नांदिवली आहेत, नांदिवली पंचानंद आणि नांदिवली तर्फे अंबरनाथ. २०२० च्या त्या अधिसूचनेत दुसरी बाहेर जात होती, पहिली महापालिकेतच राहत होती. कारकुनाने नुसतं 'नांदिवली' लिहिलं असतं तर?

आणि राजपत्र छापलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ महापालिकेच्या कर विभागाकडे जायला हवा. जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं ताब्यात द्यायला हवीत, नाहीतर १९९० साली जन्मलेला माणूस दाखल्यासाठी दोन कचेऱ्यांत चेंडूसारखा फिरतो. दुय्यम निबंधकाकडे कळायला हवं, कारण ग्रामीण आणि महापालिका क्षेत्रात मुद्रांक शुल्काचा हिशेब वेगळा. मतदार यादी, प्रभागाचा नकाशा आहेच. गंमत म्हणजे महसुली गाव यातल्या कशानेच पुसलं जात नाही. सिटी सर्व्हे होऊन मिळकत पत्रिका येईपर्यंत सातबारा तलाठ्याकडेच.

आता २००२ ते २०१५ मधली एखादी इमारत घ्या. कर ग्रामपंचायतीला भरलेला, बांधकाम परवानगीचा विषय वेगळ्याच यंत्रणेकडे, आणि आज प्रश्न विचारायचा महापालिकेला. तिथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: परवानगीच्या कागदावरची तारीख बघा, आणि त्या दिवशी ते गाव कोणाच्या हद्दीत होतं ते राजपत्रावरून ताडून पाहा. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर २०१५ नंतरची तारीख दिसली, तर तिथेच थांबा आणि वकिलाकडे जा.

२०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर प्रशासकीय हद्दी गोठवल्या आहेत. ही २७ गावं यावेळी शहरात मोजली जाणार. तेव्हा २०११ शी तुलना करून 'कल्याण-डोंबिवलीत लोकसंख्येचा स्फोट' असा मथळा कुठेतरी छापून येईलच. तो फॉरवर्ड करण्याआधी २०११ च्या आकड्यात या गावांची माणसं मिळवून घ्या.