पायाशी लिहिलेला दोन

नववीच्या वर्गात रेणुसूत्रांतील अणू मोजण्याचा पाठ चालू होता. 'एच-टू-ओ' म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, असे सांगतो तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे मोजले कोणी?" प्रश्न साधा, पण युरोपातील रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या उत्तरावर एकमत करायला पन्नास वर्षे लागली.

१८०८ साली इंग्लंडमध्ये जॉन डाल्टन यांनी आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल तर त्यात एकास एक अणू मानावा, हा त्यांचा नियम. म्हणून पाणी झाले 'एच-ओ'. आता पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन असतो. सूत्र 'एच-ओ' मानले तर ऑक्सिजनचा अणुभार आठ, 'एच-टू-ओ' मानले तर सोळा! एका दोनाने सारा हिशेब फिरतो.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी दाखवले, की दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापे वाफ होते. १८११ साली इटलीतील अ‍ॅव्होगाड्रो यांनी त्याचा अर्थ लावला. तापमान व दाब सारखे असता वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनचा रेणू दुभंगू शकतो, म्हणजे तो जोडअणूंचा आहे. पण एकाच जातीचे अणू एकमेकांना धरून राहतील, हे डाल्टन यांना पटेना, बर्झेलियस यांनाही पटेना. सूत्रांसाठी अक्षरे वापरण्याची पद्धत देणारे हेच ते बर्झेलियस!

परिणाम असा, की १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात केकुले यांना एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, एकोणीस सूत्रे नोंदवता आली.

हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे परिषद भरली. निर्णय काही झाला नाही. मात्र निरोपाच्या वेळी कानिझारो यांची १८५८ ची पुस्तिका वाटण्यात आली. तिच्यात अ‍ॅव्होगाड्रो यांच्याच विचाराने अणुभार ठरवण्याची रीत होती. लोथर मायर यांनी ती वाचली आणि त्यांचा संशय फिटला. परिषदेला आलेले मेंडेलीव्हही त्याच वाटेने गेले. त्यांची १८६९ ची आवर्तसारणी या दुरुस्त अणुभारांवरच उभी राहिली.

हे पाहायला अ‍ॅव्होगाड्रो मात्र नव्हते. १८५६ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

तो दोन आज आमची मुले दोन गुणांसाठी पाठ करतात. करोत बापडी, पण एखाद्याने तरी विचारावे, "सर, हे मोजले कोणी?"