न वटलेले वचन : खासगी बँकांच्या नोटा आणि त्यांचे नमुने

पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती जॉन माल्कमपुढे. पुढे दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८४० साली निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर या दोघांच्याच मुद्रा झळकल्या. सोबत टाउन हॉलचे चित्र. पेशवाई बुडवणाऱ्यांच्या साक्षीने मुंबईचा व्यापारी रुपये मोजून घेऊ लागला. या नोटा आज अतिदुर्मीळ आहेत. का, ते पाहू.

त्या काळी कागदी चलन ही सरकारची मक्तेदारी नव्हती. १७७० मध्ये कलकत्त्यात अलेक्झांडर आणि कंपनी या पेढीने बँक ऑफ हिंदोस्तान काढली व तिच्या नोटा चालवल्या. अनेक संकटांतून ती तगली; पण १८३२ मध्ये मूळ पेढीच कोसळली आणि बँकही गेली. बँक ऑफ बेंगाल, बॉम्बे आणि मद्रास या तीन इलाखा बँकांत सरकारचे भाग होते, तरी नोटेवरचे वचन बँकेचेच असे.

वचन म्हणजे अक्षरशः वचन. नोट आणून देणाऱ्याला मागताक्षणी रोख रुपये. त्यामुळे बँकेच्या शहराबाहेर तिची पत झपाट्याने घटे. मुलुखात सावकाराची हुंडीच अधिक विश्वासाची. टपालाने पैसे धाडताना नोट मधोमध कापून दोन अर्धे वेगवेगळ्या दिवशी पाठवीत, म्हणजे वाटेत एक लुटला गेला तरी चोराच्या हाती निरुपयोगी कागद. पलीकडे पोचल्यावर दोन्ही तुकडे पुन्हा डकवले जात.

अशी नोट बँकेत परतली की ती रद्द होऊन नष्ट व्हायची. बँक जितकी सचोटीची, तितक्या तिच्या नोटा कमी उरल्या. वचन पाळले गेले म्हणूनच पुरावा नाहीसा झाला.

मग उरले काय? नमुने. कोरलेल्या पट्टीवरून तपासणीसाठी काढलेला पहिला ठसा म्हणजे प्रूफ. तो बहुधा एकाच बाजूला छापलेला असतो. नोट पक्की झाल्यावर रोखपालांना ओळख पटावी आणि छापखान्याच्या दप्तरी राहावी, म्हणून निघे ती स्पेसिमेन : क्रमांकाच्या जागी शून्ये, सहीच्या जागी छिद्रे किंवा आडवा शिक्का. तिसरा प्रकार छापून पडून राहिलेल्या, सही न झालेल्या कोऱ्या नोटांचा. छापखान्यांची जुनी दप्तरे विकली गेली की हा माल बाजारात येतो. १९९० मध्ये अमेरिकन बँक नोट कंपनीच्या संग्रहाचा न्यूयॉर्कला लिलाव झाला, तेव्हा जगभरच्या बँकांचे नमुने संग्राहकांच्या हाती गेले.

लबाडीही इथेच शिरते. कोऱ्या नोटेवर मागाहून सही ठोकून ती 'चलनातली' म्हणून विकता येते. म्हणून जाणकार शाईचा रंग, कागदाचा पोत आणि घडीच्या खुणा आधी पाहतो, चित्राचे सौंदर्य नंतर. नमुना स्वच्छ असतो खरा. पण तो कोणाच्या कनवटीला कधी लागलेला नसतो. मळलेली, दोन तुकडे डकवलेली, व्यापाऱ्याच्या शाईच्या खुणा असलेली एक नोट इतिहासाच्या दृष्टीने दहा कोऱ्या नमुन्यांहून बोलकी. बाजारातली किंमत मात्र नेहमी हा हिशेब मानत नाही.

खासगी नोटांचा काळ संपवला तो १८६१ च्या कायद्याने. वित्तसदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये योजना मांडली. त्याच वर्षी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. १ मार्च १८६२ पासून नोटा काढण्याचा हक्क फक्त सरकारकडे गेला. बँकांनी तेव्हा हे नुकसानच मानले असणार.

तीनच वर्षांनी अमेरिकेतले यादवी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतला शेअरांचा फुगा फुटला. शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेचे जवळजवळ सारे भांडवल बुडाले. १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. भागधारक धुळीला मिळाले. एल्फिन्स्टन-माल्कमच्या नोटा मात्र तोवर चलनातून उठलेल्या होत्या. त्या बाजारात असत्या, तर त्या वर्षी बँकेच्या दारात रांग लागली असती ती नोटा घेऊन आलेल्यांची.