मालकांगोणीची नोंद

नाशिकहून पेठकडे निघाले की सावळ घाटात रस्ता वळणे घेऊ लागतो आणि जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येते. पावसाळा सरून थंडी पडली की या जंगलात मालकांगोणी लगेच ओळखू येते. झाडांवर चढलेल्या जाड वेलीला पिवळ्या फळांचे घोस लटकतात. वाटाण्याएवढे फळ तडकते, त्याच्या तीन पाकळ्या मागे वळतात आणि आत शेंदरी गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. बियांचे तेल दुखऱ्या सांध्यांना चोळतात, आणि बुद्धीला चांगले म्हणून ते थेंबाथेंबाने पोटात देण्याची रीतही जुनी आहे. याच बियांतील रसायनांच्या आकृती औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आज संगणकाच्या पडद्यावर फिरवतात आणि अल्झायमरशी संबंधित प्रथिनांत त्या कशा बसतात याचे गणित मांडतात. वेलीपासून या गणितापर्यंतची वाट नोंदींची आहे. ती किती जुनी आहे, हे आपण उगमापासून पाहू.

चरकसंहितेत मेधा वाढवणारी चार रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. पुढे निघंटुकारांनी शेकडो द्रव्ये वर्गांत लावली आणि प्रत्येकापुढे ठरलेली घरे भरली: रस, गुण, वीर्य, विपाक. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मालकांगोणी ज्योतिष्मती या नावाने येते आणि बुद्धी व स्मृती देणारी म्हणून तिची नोंद होते. ज्याला आज आपण डेटाची सारणी म्हणतो, ती आपल्या वैद्यांनी श्लोकांत बांधून पाठ केली होती. या सारणीत एक अडचण मात्र राहून गेली. ब्राह्मी म्हणून कोणी पाणथळ जागेतली नीरब्राह्मी देतो, तर कोणी गोल पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पी या नावाखाली तर निरनिराळ्या प्रांतांत तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. नाव एक आणि झाडे अनेक, हा गुंता इथून शेवटपर्यंत आपल्या सोबत येणार आहे.

नोंदी छापखान्यात गेल्या त्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधींवर लिहिलेला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यानंतर शंभरएक वर्षांनी मलबारच्या डच गव्हर्नराने, हेंड्रिक व्हान ऱ्हीडने, ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड सिद्ध केले (१६७८ ते १६९३). त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे १६७५ चे निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. माहिती देणाऱ्यांची नावे माहितीबरोबर छापणारा हा ग्रंथ आपण लक्षात ठेवू, कारण पुढे अनेक ग्रंथांत अशी नावे गळाली. १७५३ साली लिनियसने द्विनामी पद्धत रूढ केली आणि पुढे त्याच पद्धतीने आपल्या वेलीलाही ‘सेलॅस्ट्रस पॅनिक्युलेटस’ हे नाव मिळाले. निदान पुस्तकात तरी तिची दुसऱ्या वेलीशी गल्लत होण्याचे कारण उरले नाही.

एकोणिसाव्या शतकात वाट मुंबईत येते. विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेली ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ १८९० ते १८९३ या काळात निघाली. त्या शतकात मालकांगोणीच्या बियांपासून काढलेले काळे तेल बेरीबेरीवर वापरले जाई. एकच वेल, पण नोंदणाऱ्याबरोबर तिचे काम बदलले. मुंबईचे सर्जन कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी आयुष्याची अनेक वर्षे या वनस्पतींच्या अभ्यासाला दिली. बी. डी. बसू यांच्यासह केलेला त्यांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा सचित्र ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते.

याच सुमारास दोन घटना एकमेकींना अनोळखी अशा घडल्या. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली आणि विखुरलेले वैद्य प्रथमच देशपातळीवर एकत्र आले. त्याच वर्षी जर्मनीत आलोइस अल्झायमर यांचा छोटा लेख छापला गेला. आउगुस्टे डेटर ही एक्कावन्न वर्षांची स्त्री १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांच्यासमोर आली होती. अल्झायमर तिला प्रश्न विचारत आणि उत्तर जसेच्या तसे टिपून घेत. जेवताना तिच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खातेस असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. १९०६ मध्ये ती वारली आणि तिच्या मेंदूच्या छेदांत त्यांना गाठी आणि चकत्या दिसल्या. १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरांचे नाव दिले. तिची मूळ कागदपत्रे मात्र हरवली होती. ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.

आता वाट वेगाने उतरते. रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन हा संदेशवाहक घटतो, हे १९७० च्या दशकात दिसून आले. त्याला तोडणारे विकर अडवले तर उरलेला संदेशवाहक अधिक वेळ टिकेल, असा विचार पुढे आला. विकर अडवायचे तर त्याचा आकार ठाऊक हवा. प्रथिनांच्या आकृतींची सामायिक पेढी, प्रोटीन डेटा बँक, १९७१ साली अवघ्या सात आकृतींनिशी सुरू झाली होती. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अर्विन कुंट्झ यांच्या गटाने रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो का, हे संगणकाने तपासण्याची रीत मांडली. १९९१ मध्ये इस्रायलच्या जोएल ससमन आणि इस्रायल सिलमन यांच्या गटाने संदेशवाहक तोडणाऱ्या त्या विकराची आकृती प्रसिद्ध केली. त्यात एक खोल, अरुंद घळ निघाली. सह्याद्रीतल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: औषधाचा रेणू त्या घळीत उतरून वाट अडवतो. जपानच्या हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने घडवलेल्या डोनेपेझिलला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते लक्षणे काही काळ सौम्य करते. रोग थांबवत नाही.

प्रथिनांचा संगणकाने अभ्यास करण्याची ही विद्या महाराष्ट्रातही याच वर्षांत रुजली. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले. तिथल्या अशोक कोळसकर यांनी प्रसाद टोणगावकर यांच्याबरोबर १९९० मध्ये प्रथिनाचा कोणता भाग प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल, हे अमिनो आम्लांच्या क्रमावरून सांगणारी पद्धत प्रसिद्ध केली. ती सुमारे ७५ टक्के अचूक ठरली आणि जगभर वापरली गेली. १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने परम ८००० हा महासंगणक पुण्यात घडवला. जुन्या नोंदींकडे देशाचे लक्ष वळले ते हळदीमुळे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या संशोधन परिषदेने केलेल्या तक्रारीवर १९९७ मध्ये रद्द झाले. त्यासाठी जुने छापील पुरावे उपयोगी पडले. त्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. २०१८ मध्ये चेन्नईच्या गणिती विज्ञान संस्थेने १,७४२ औषधी वनस्पती आणि त्यांतील ९,५९६ रसायनांचा खुला साठा तयार केला. निघंटूतील रस-वीर्याच्या घरांत आता रेणूंच्या आकृती भरल्या गेल्या.

आज आपण या वाटेच्या टोकाशी उभे आहोत. मालकांगोणीपासून अल्झायमरचे मान्यताप्राप्त औषध अद्याप निघालेले नाही. पडद्यावर रेणू घळीत नीट बसला तरी तो पोटातून मेंदूपर्यंत पोचेल का, हे प्राण्यांवर आणि माणसांवर तपासल्यावाचून कळत नाही. गरज मात्र मोठी आहे: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आणि गणित कितीही सूक्ष्म झाले तरी सुरुवातीला चुकीच्या झाडाची बी घेतली असेल तर पुढचे सारे चुकते. ब्राह्मीचा गुंता इथे पुन्हा भेटतो.

तो सोडवण्याची जागा पेठमध्येच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. ही कल्पना रुजवण्यासाठी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याआधीपासून काम केले होते. पेठ तालुक्यातल्या कोकणा, महादेव कोळी आणि वारली घरांतल्या जाणत्या माणसांना वेल ओळखता येते, तिचे बोलीतले नाव ठाऊक असते, बी कधी धरायची तेही ठाऊक असते. ही माणसे आता म्हातारी होत आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने त्यांच्याकडे बसून, झाडाचा नमुना समोर ठेवून, नाव, जागा, ऋतू आणि उपयोग लिहून घ्यावा, आणि रंगभटांच्या निवेदनासारखे सांगणाऱ्याचे नावही त्याच्या संमतीने खाली लिहावे. हे काम येत्या हिवाळ्यात, फळे तडकतात तेव्हा, सुरू करता येईल.